हसून झालं? आता चूक दाखवा

सरळच सांगतो. छातीठोकपणे चुकीचं बोलणाऱ्या माणसाच्या बोलण्याखाली एखादा चेहरा डकवायचा, त्यावर एक खोचक ओळ लिहायची आणि आपण काहीतरी उत्तर दिलं असं समजून झोपी जायचं, ही आपल्या पिढीची सगळ्यात आळशी सवय आहे. आपली म्हणजे माझ्या-तुमच्यासारख्यांची. इंजिनियरिंग केलेली, पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी, दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधून पगार घेणारी आणि घरच्या ग्रुपवर आली की नुसता हसरा चेहरा टाकून पसार होणारी मंडळी.

मीम या प्रकाराला माझा विरोध नाही हे आधीच नोंदवून ठेवतो. नाहीतर लगेच "हा बघा, याला विनोद कळत नाही" असं सुरू होईल. मला मीम आवडतात, मी बनवतोही. माझं भांडण आहे ते चित्रावर लिहिलेल्या ओळीशी. चित्र कुठल्या तरी सिनेमातलं, उसनं. त्यात आपली म्हणून जर काही असेल तर ती एक ओळ. आणि तीच आपण फुकट घालवतो.

आता मराठीत या कामाला हक्काने जुंपला जाणारा सिनेमा म्हणजे १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी'. त्यातला सत्तर रुपयांचा प्रसंग तर तुम्हाला पाठच असेल. सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार मधुमेहाने बेजार. अशोक सराफांच्या धनंजय मानेने इस्रायलहून औषध मागवून देतो म्हणून त्याच्याकडून सत्तर रुपये घेतलेले. मालक औषधाची चौकशी करतो तेव्हा माने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगतो, की औषध आणणारा मित्र वारला. आणि पैसे? तर म्हणे तेही वारले! तो चेहरा, तो आवाज, तो बिनधास्तपणा.. फसक्या स्पष्टीकरणाचा इतका नमुनेदार चेहरा मराठीत दुसरा नाही. म्हणूनच कुणी काही अचाट सांगितलं की आपण हा फोटो शोधतो, त्यावर एक ओळ टाकतो आणि मोकळे होतो.

पण त्या प्रसंगात एक गोष्ट आहे जी हसताना निसटते. मालकाला खरोखरच मधुमेह आहे. त्याचे पैसे गेले ते गेलेच, औषधही मिळालं नाही. सिनेमात हे चालतं, कारण तो सिनेमा आहे. आता आमच्या घरच्या ग्रुपवर या.

आमचं गाव गडहिंग्लज. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, हिरण्यकेशीच्या काठी, थोडं पुढं गेलं की संकेश्वर म्हणजे कर्नाटकच. मिरचीचा बाजार, फुटबॉलचं वेड आणि चहूकडं ऊस. हरळीला साखर कारखाना. थोडक्यात, गोड या विषयावर गावातला प्रत्येकजण स्वतःला तज्ज्ञ समजतो. तर आमच्या ग्रुपवर एका चुलत्यांनी एक लांबलचक संदेश टाकला. काका निवृत्त, वाचणारे, गावात मान असलेले. फॉरवर्ड नव्हे, स्वतः टाईप केलेला. त्याचा सारांश असा:

एक, साखर पांढरी करायला कारखान्यात गंधक वापरतात. दोन, गुळात लोह आणि इतर खनिजं असतात, साखरेत ती नसतात. तीन, गूळ नैसर्गिक आहे, आपले आजोबा-पणजोबा गूळच खायचे. चार, म्हणून गुळाने रक्तातली साखर वाढत नाही, डायबिटीसवाल्यांनी खुशाल खावा.

नीट बघा. पहिलं विधान बऱ्यापैकी खरं आहे, आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस साफ करायला गंधकाचा धूर वापरतात. दुसरंही खरं. तिसऱ्यात आजोबा आल्यामुळे वाद घालायची सोय नाही, पण तेही खोटं नाही. आणि चौथं? चौथ्याचा पहिल्या तिघांशी काडीचा संबंध नाही. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे साखरच. लोह असलं म्हणून ती साखर रक्तात जायची थांबत नाही. तीन पायऱ्या दगडी आणि चौथी हवेत. माणूस पहिल्या तीन पायऱ्या ठाम चढला की चौथ्यावरही न बघता पाय टाकतो.

दहा मिनिटांत माझ्या एका चुलतभावाने मीम टाकलं. तोच माने, तोच चेहरा. आणि ओळ? "काकांना नोबेल द्या रे कुणीतरी!" पोरं खूश. पाच-सहा जणांचे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. बहिणीने टाळ्या टाकल्या. आणि काकांनी? काकांनी हात जोडून "धन्यवाद" टाकलं. कौतुक समजले ते! त्यांचं तरी काय चुकलं? त्या ओळीत ते चुकले आहेत असं कुठे म्हटलं होतं?

त्याच ग्रुपवर माझी आत्या आहे. तिला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह. तिने काकांचा संदेश वाचला, खालचा हशा बघितला, टाळ्या बघितल्या आणि सगळ्यांना पटलंय असा सरळ अर्थ घेतला. बिनसाखरेचा कडू चहा बंद, गुळाचा सुरू, दिवसातून तीनदा. पुढच्या तपासणीत तिचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, तो एचबीएवनसी, सातवरून नऊच्या पुढं गेला होता. गुळामुळेच गेला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या काळात तिचं चालणंही बंद होतं, गुडघा दुखत होता. तेवढ्या पुराव्यावर तसं ठोकून दिलं तर मलाही मानेच्या शेजारी उभं करावं लागेल. पण तीन महिने तिला कुणीच "गूळ म्हणजे साखरच की" असं म्हटलं नाही एवढं नक्की. ग्रुपवर इंजिनियर सात, एक फार्मसीवाली. सगळे हसलो-हसवलो, आणि चौथी पायरी तशीच लोंबकळत राहिली.

हे एका घरचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. २०२३ साली आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतात मधुमेह असलेल्यांचा अंदाज १० कोटींच्या वर आहे. म्हणजे तुमच्या ग्रुपवरही एक आत्या आहेच. ती बोलत नाही, फक्त वाचते.

आता ओळीकडे वळू. अशा मीमवर आपण जे लिहितो त्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला, माणसावर: "काका ज्ञानी", "आला मोठा शास्त्रज्ञ". दुसरा, सुरावर: "काय तो आत्मविश्वास!" आणि तिसरा, पायरीवर: नेमकं कुठं गडबडलंय त्यावर. पहिले दोन ढीगभर मिळतात, कारण ते लिहायला समोरचं स्पष्टीकरण वाचावंच लागत नाही. तीच ओळ गुळाला चालते, ग्रहणाला चालते, शेअर बाजाराला चालते. जी ओळ कुठल्याही चुकीला चालते ती कुठलीच चूक दाखवत नाही.

ऑफिसात आपण असं करतो का हो? कुणी चुकीचं कोड पाठवलं आणि रिव्ह्यूमध्ये तुम्ही "वा, काय दिव्य प्रतिभा!" लिहून पाठवलं, तर तो बग दुरुस्त होईल? तिथं आपण लिहितो: ओळ ८४, इथं यादी रिकामी आली तर काय होईल? संपलं. अपमान नाही, टोमणा नाही, पण पळवाटही नाही. ही कला आपल्याला येते. पगार त्याचाच मिळतो. घरी आलो की मात्र ती बॅगेतच राहते.

पायरीवरची ओळ विनोदी होऊ शकत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. उलट ती जास्त लागते. थोडी उदाहरणं देतो.

नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी झाली, दोन हजारची गुलाबी नोट आली आणि पाठोपाठ ती अफवा: नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीखाली पुरलेली नोटही उपग्रहाला सापडते. टीव्हीवर मोठमोठे लोक आकृत्या काढून समजावत होते. त्यावर मीमचा पाऊस पडला, बहुतेक सगळे टीव्हीवाल्यांच्या चेहऱ्यांवर. पायरीवरची ओळ कशी असती? "जीपीएसचा उपग्रह नुसता बोलतो, ऐकत नाही." बस्स. कारण तांत्रिक बाब तीच आहे. उपग्रह सिग्नल फक्त पाठवतो, जागेचा हिशोब खाली आपला फोन करतो, आणि ती जागा दुसऱ्याला कळवायची तर फोनला स्वतःचं नेटवर्क आणि बॅटरी लागते. नोटेला यातलं काय आहे? वाचणारा हसतो आणि हसता हसता एक गोष्ट शिकतो. पुढच्या वेळी सोन्याच्या दागिन्यात चिप असल्याची अफवा आली तरी हीच ओळ त्याला उपयोगी पडेल.

२२ मार्च २०२०. संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. डॉक्टर-नर्सच्या कृतज्ञतेसाठी वाजवल्या, ते ठीकच. पण त्या आवाजाच्या कंपनांनी विषाणू मरतो अशी "शास्त्रीय" स्पष्टीकरणं फिरायला लागली आणि सरकारच्याच पीआयबीला तसं काही नसतं असा खुलासा करावा लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला यावर एकच ओळ पुरे होती: "मग विसर्जनाच्या डॉल्बीने अख्ख्या जिल्ह्याची सर्दी एका रात्रीत का जात नाही?" बघा, यात कुणाच्या भक्तीला, पक्षाला, वयाला हात लावलेला नाही. फक्त त्याच स्पष्टीकरणाला आणखी एक पाऊल चालायला लावलं, आणि ते खड्ड्यात पडलं.

आणि आता घरचं. २०१९ आणि २०२१, दोन महापूर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पार गेलं. आमची हिरण्यकेशीही पात्राबाहेर आली, भडगावच्या पुलावरून पाणी वाहिलं. लगेच कट्ट्याकट्ट्यावर स्पष्टीकरण तयार: अलमट्टीचं पाणी उलटं फुगून गडहिंग्लजपर्यंत आलं! सांगली-शिरोळच्या पुरात अलमट्टीच्या फुगवट्याचा वाटा किती हा वेगळा आणि गंभीर वाद आहे, त्यासाठी नंदकुमार वडनेरे यांची समितीही बसली होती. त्यात मी इथं पडत नाही. मी फक्त आमच्या नदीचं बोलतोय. हिरण्यकेशी आंबोलीच्या बाजूने येते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा पुढं कृष्णेला. अलमट्टीची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर. गडहिंग्लज सहाशे मीटरच्या वर. तेव्हा ओळ अशी: "अलमट्टीचं पाणी ऐंशी मीटरचा चढ चढून आलं, दमलं असेल, चहा द्या!"

हसलात ना? पण यात नुसतं हसणं नाही. पुराचं खापर शेजारच्या राज्यातल्या धरणावर फुटलं की गावातले प्रश्न कुणी विचारत नाही. बंधाऱ्याचे बरगे वेळेत काढले होते का? ओढ्याच्या पात्रात भराव कुणी टाकला? नदीकाठी प्लॉट कुणी पाडले, परवानगी कुणी दिली? चुकीचं स्पष्टीकरण कुणाच्या तरी सोयीचं असतं. ते नुसतं हसण्यावारी नेलं की ज्याची सोय झाली तोही आपल्याबरोबर हसतो, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत निवांत होतो.

आता आपल्या लाडक्या हत्याराबद्दल. असल्या चर्चेत कुणीतरी तो प्रसिद्ध आलेख टाकतोच: सुरुवातीला आत्मविश्वासाचा उंच डोंगर, मग दरी, मग हळूहळू चढण. खाली लिहिलेलं असतं डनिंग-क्रुगर. टाकणाऱ्याचा भाव असा, की बघ, विज्ञानानेच तुला मूर्ख ठरवलंय. गंमत म्हणजे डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ च्या मूळ निबंधात तो डोंगरच नाही! त्यांनी विद्यार्थ्यांच्या विनोद, तर्क आणि व्याकरणाच्या चाचण्या घेतल्या. सगळ्यात खालच्या गटातल्यांची जागा सरासरी शंभरात बाराव्या पायरीला होती, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं बासष्टाव्या. महत्त्वाचा निष्कर्ष आहे, वादच नाही. पण त्यातही ज्यांना कमी येतं ते स्वतःला तज्ज्ञांहून भारी समजतात असं काही निघत नाही. सगळ्यात वरचा गट स्वतःला वरच समजत होता. डोंगर-दरीची ती नक्षी नंतर कुणीतरी काढली आणि इंटरनेटने ती डोक्यावर घेतली. म्हणजे छातीठोक चुकीच्या स्पष्टीकरणाची टर उडवायला आपण जे चित्र वापरतो, तेच एक छातीठोक चुकीचं स्पष्टीकरण आहे. आणि ते टाकताना आपणही मूळ निबंध उघडलेला नसतो. काकांपेक्षा आपण वेगळे कसे, सांगा बरं?

त्यापेक्षा कामाचा अभ्यास दुसराच आहे. २००२ मध्ये लिओनिद रोझेनब्लिट आणि फ्रँक काईल यांनी लोकांना विचारलं, चेन, कुलूप, संडासाचा फ्लश असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग सांगितलं, आता पायरीपायरीने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर लोकांनी स्वतःच स्वतःचे गुण कमी केले. कुणी हसलं नव्हतं, कुणी हिणवलं नव्हतं. फक्त "कसं?" एवढंच विचारलं होतं. या एका शब्दाने जे होतं ते शंभर हसऱ्या चेहऱ्यांनी होत नाही. चिडवलेला माणूस आपली बाजू घट्ट धरतो. "कसं?" विचारलेल्या माणसाला आपली बाजू आधी शोधावी लागते.

यावर मित्रांशी माझं बरंच वाजलंय, तेव्हा त्यांचे आक्षेपही मांडतो.

पहिला: "अरे, मोठ्या माणसांना तोंडावर चूक कसं म्हणायचं? मीम हीच त्यातल्या त्यात सभ्य वाट." हे मला उलटं वाटतं. "नोबेल द्या" ही ओळ काकांवर आहे. "गूळ कशाचा करतात, काका?" ही ओळ गुळावर आहे. यातली कुठली जास्त अदबीची? आपल्याकडे वडीलधाऱ्यांची पाठीमागे टर उडवणं चालतं आणि समोर प्रश्न विचारणं उद्धटपणा ठरतो, हा आपल्या संस्कारातलाच बग आहे.

दुसरा: "वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप खरा आहे. २०१३ साली अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन प्रोग्रामरने म्हटलं होतं, की थापेबाजी करायला लागतात त्याच्या दसपट कष्ट ती खोडायला लागतात. शंभर टक्के मान्य. पण मी निबंध लिहा म्हणतच नाहीये. मीम बनवायला फोटो शोधणं, कापणं, फॉन्ट निवडणं यात दहा मिनिटं घालवताच ना? त्यातली दोन मिनिटं हवेतली पायरी शोधायला द्या. सगळी इमारत पाडायची गरज नाही. एक पायरी पुरते.

तिसरा: "तुझ्या ओळीला कुणी हसणार नाही." बघू या. त्या तपासणीनंतर मी त्याच मानेच्या चेहऱ्यावर एक ओळ लिहून टाकली: "एकाच उसाची दोन लेकरं. एक कारखान्यात वाढलं, एक गुऱ्हाळात. म्हणे दुसऱ्याचं रक्त गोड नाही!" हसले लोक. नोबेलपेक्षा कमी हसले, हे कबूल. काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "मग लोहाचं काय?" हा पहिला खरा प्रश्न होता त्या ग्रुपवरचा, आणि त्याचं उत्तर फार्मसीवाल्या बहिणीने नीट दिलं. आत्याने मला फोन केला, "म्हणजे रे, गुळाचा चहापण साखरेचाच म्हणायचा?" म्हटलं, हो, आणि डॉक्टरांना विचारून घे. तिने विचारलं.

एवढंच मला म्हणायचंय. मीम बनवा, भरपूर बनवा. पण पाठवायच्या आधी एक चाचणी घ्या: चित्र काढून टाका आणि नुसती ओळ वाचा. चूक कुठं आहे हे त्या ओळीतून कळतं का? कळत असेल तर पाठवा. कळत नसेल तर तुम्ही उत्तर दिलेलं नाही, फक्त टाळी मागितलीय. आणि टाळी मागायला इंजिनियरिंगची चार वर्षं घालवायची काही गरज नव्हती.

पटलं तर करून बघा. नाही पटलं तर माझ्यावर हसायला हरकत नाही, पण कुठल्या पायरीवर नाही पटलं तेवढं सांगा.